चेंडू, उड्या आणि अंक : रोनाल्ड ग्रॅहम

चेंडू, कड्या, सोटे अशा वस्तू भराभर वर फेकून झेलणाऱ्या कसरतपटूंची अमेरिकेत एक संघटना आहे. तिचे नाव ‘इंटरनॅशनल जगलर्स असोसिएशन’. १९७२ साली या संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड ग्रॅहम. गणितज्ञांचीही तिथे एक मोठी संघटना आहे, ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी’. १९९३ आणि १९९४ या दोन वर्षी तिचे अध्यक्षही रोनाल्ड ग्रॅहमच होते. नावे सारखी म्हणून माणसे वेगळी असतील असे कोणाला वाटेल, पण हे गृहस्थ एकच. सर्कशीतल्या लोकांनी त्यांना आपला मानले आणि विद्यापीठातल्या लोकांनीही. ६ जुलै २०२० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, ते कॅलिफोर्नियात ला होया येथे निवर्तले.

विद्यार्थी मित्रहो, ‘अभ्यास सोडून हे काय चालले आहे?’ हा प्रश्न तुमच्यापैकी प्रत्येकाने घरी कधी ना कधी ऐकलेला असेल. कोणी पतंगासाठी ऐकला असेल, कोणी कॅरमसाठी, कोणी बासरीसाठी. ग्रॅहम यांचे छंद मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटे पुरतील की नाही अशी शंका येते. चेंडू झेलणे, ट्रॅम्पोलीनच्या ताणलेल्या कापडावरून हवेत कोलांट्या घेणे, टेबल टेनिस, टेनिस, बोलिंग, पियानो, चिनी भाषा, पत्त्यांची जादू. आणि एवढे सगळे करून सुमारे चारशे शोधनिबंध! हे कसे जमले असेल याचे कुतूहल मला पुष्कळ वर्षे आहे.

ग्रॅहम यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १९३५ चा, कॅलिफोर्नियातल्या टाफ्ट या गावचा. वडील तेलाच्या खाणींवर काम करीत, पुढे व्यापारी जहाजांवर गेले. त्यामुळे घराचे बिऱ्हाड सारखे हलायचे आणि मुलाची शाळाही. एका शाळेत मित्र जमतात न जमतात तोच दुसरी शाळा. अशा मुलाचे शिक्षण मागे पडायचे, पण हा मुलगा मधले वर्ग गाळत पुढेच गेला. पंधराव्या वर्षी फोर्ड फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळवून तो थेट शिकागो विद्यापीठात दाखल झाला. माध्यमिक शाळा पुरी केल्याचा दाखला त्याला कधीच मिळाला नाही! शिकागोतच त्याला चेंडू झेलण्याचा आणि ट्रॅम्पोलीनचा नाद लागला.

तीन वर्षांनी शिष्यवृत्ती संपली. मग बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचे एक वर्ष. तिथे डी. एच. लेमर या गणितज्ञांची अंकशास्त्रावरची व्याख्याने त्याने ऐकली आणि अंकांनी त्याला धरून ठेवले. पण पैशाची सोय नव्हती. १९५५ साली तो हवाई दलात भरती झाला. नेमणूक मिळाली अलास्कातल्या फेअरबँक्स येथे, म्हणजे जवळजवळ उत्तर ध्रुववृत्ताच्या दारात. नोकरी सांभाळून तेथल्या विद्यापीठातून त्याने पदवी घेतली, आणि ती गणिताची नव्हे तर भौतिकीची. (आम्हा भौतिकीवाल्यांना या गोष्टीचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी तो चालवून घ्यावा.) नंतर पुन्हा बर्कले, पुन्हा लेमर, आणि १९६२ साली पीएच.डी. या काळातली त्यांची एक कमाई मोठी मजेची होती. दोघा साथीदारांसह ‘बाउन्सिंग बेअर्स’ नावाने ते ट्रॅम्पोलीनचे खेळ करून दाखवीत आणि त्या पैशावर शिक्षणाचा खर्च भागवीत.

त्यांच्या प्रबंधाचा विषय अपूर्णांकांच्या बेरजांचा होता. त्याच सुमाराचे, १९६३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले एक सुंदर प्रमेय तुम्हांला सहज समजेल. २, ३ आणि ६ या संख्यांची बेरीज ११. आता त्यांचे व्यस्तांक घ्या : १/२, १/३ आणि १/६. यांची बेरीज बरोबर १. म्हणजे ११ ही संख्या अशा वेगवेगळ्या तुकड्यांत मोडता येते की तुकड्यांच्या व्यस्तांकांची बेरीज १ व्हावी. हे प्रत्येक संख्येला जमते का? नाही. १२ घेऊन पाहा, जमणार नाही. ७७ लाही जमत नाही. पण ग्रॅहम यांनी सिद्ध केले की ७७ च्या पुढे मात्र एकही संख्या अडत नाही. ७८ ची फोड अशी : २, ६, ८, १०, १२ आणि ४०. छेद १२० करून व्यस्तांकांची बेरीज करा. ६०, २०, १५, १२, १० आणि ३ हे अंश मिळतील आणि त्यांची बेरीज १२० येईल. एक कोटीची संख्या घ्या की अब्जाची, फोड आहेच. एवढ्या साध्या प्रश्नाला ७७ सारखी आडवळणाची सीमा असावी, हे मला प्रत्येक वेळी नवलाचे वाटते.

१९६२ साली ग्रॅहम बेल प्रयोगशाळेत रुजू झाले आणि पुढची ३७ वर्षे तिथेच राहिले. ज्या संस्थेत १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला, तीच ही प्रयोगशाळा. टेलिफोन आणि संगणक यांच्यासमोर त्या वेळी एक व्यावहारिक अडचण होती. कामे पुष्कळ, ती करणारी यंत्रे थोडी. तर कामांची वाटणी कशी करावी? सोपा उपाय म्हणजे कामांची यादी करावी आणि जे यंत्र मोकळे होईल त्याने यादीतले करण्याजोगे पहिले काम उचलावे. आपणही असेच करतो. ग्रॅहम यांनी विचारले की यात वाईटात वाईट किती नुकसान होईल?

एक लग्नघर डोळ्यांसमोर आणा. तीन आचारी आहेत. नऊ कामे आहेत आणि त्यांना लागणारे तास यादीच्या क्रमाने असे : ३, २, २, २, ४, ४, ४, ४, ९. अटी दोनच. नववे काम पहिले काम झाल्याशिवाय सुरू करता येत नाही. आणि पाचवे, सहावे, सातवे, आठवे ही कामे चौथे संपल्याशिवाय सुरू होत नाहीत. कागदावर मांडून पाहा. पहिला आचारी ३ तासांत पहिले काम संपवतो आणि लगेच नवव्याला लागतो. ते १२ व्या तासाला संपते. बाकीचे दोघे तोवर उरलेली कामे आटोपतात. एकूण वेळ १२ तास.

यजमान म्हणाले, घाई आहे, चौथा आचारी बोलवा. आता चौघे एकदम पहिल्या चार कामांना लागतात. दोन तासांनी तिघे मोकळे होतात आणि पाचवे, सहावे, सातवे उचलतात. तिसऱ्या तासाला पहिला मोकळा होतो. त्याच्यासमोर यादीत आठवे काम आहे, तो तेच घेतो. नवव्या कामाला हात लागतो तो सहाव्या तासाला आणि ते संपते पंधराव्या तासाला! माणूस वाढला आणि वेळ तीन तासांनी वाढला.

आणखी गंमत पाहा. चौथ्याला परत पाठवा, तिघेच ठेवा, पण प्रत्येक जण इतका तरबेज झाला की प्रत्येक काम एक तास आधी होते. म्हणजे कामे आता २, १, १, १, ३, ३, ३, ३, ८ तासांची. अटी त्याच. करून पाहा, वेळ १३ तास येतो. कामे हलकी झाली आणि तरी १२ चे १३!

ग्रॅहम यांनी १९६६ साली दाखवून दिले की अशा यादीपद्धतीने कितीही वाईट परिस्थितीत सर्वोत्तम वेळेच्या दुपटीइतका वेळ लागत नाही. तीन यंत्रे असतील तर ५/३ पट ही कमाल मर्यादा. अचूक उत्तर शोधणे अतिकठीण असेल तर सोप्या रीतीने येणारे उत्तर किती चुकेल याची हमी द्यायची, हा विचार संगणकशास्त्रात पुढे फार फळाला आला, आणि त्याच्या आरंभीच्या निबंधांत हा निबंध गणला जातो.

आता चेंडूंकडे वळू. आपल्याकडे सागरगोटे खेळणाऱ्या मुली एक गोटा वर उडवून तो खाली येण्याच्या आत बाकीचे उचलतात. वर उडवलेल्या गोट्याने किती वेळ मिळवून दिला, हेच त्या खेळाचे मर्म. चेंडू झेलण्याचेही तेच. भौतिकीच्या तासाला मी हे गणित फळ्यावर आवर्जून घेतो. चेंडू हवेत जितका काळ राहतो त्याच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाने गुणून ८ ने भागले की किती उंच फेकला ते मिळते. अर्धा सेकंद हवेत ठेवायचा तर सुमारे ३१ सेंटिमीटर उंची पुरते. एक सेकंद ठेवायचा तर सुमारे १ मीटर २२ सेंटिमीटर लागते. वेळ दुप्पट, उंची चौपट. चेंडूंची संख्या वाढली की ते छताकडे का जाऊ लागतात, हे यावरून कळेल. आणि जितका उंच फेकावा तितकी दिशेतली बारीकशी चूक खाली येईपर्यंत मोठी होते.

ग्रॅहम यांनी आपल्या कचेरीत छताला एक जाळे टांगून ठेवले होते. ते खाली सोडून त्याची कडा कमरेला बांधायची आणि सहा-सात चेंडूंचा सराव करायचा. सुटलेला चेंडू जाळ्यात पडून घरंगळत पुन्हा हाताशी येई. वाकण्याचा त्रास वाचला, वेळही वाचला. बेल प्रयोगशाळेच्या वरिष्ठांना याचे काही वाटत नसे. त्याच संस्थेत पूर्वी क्लॉड शॅनन होते, माहितीशास्त्राचे जनक. तेही चेंडू झेलीत आणि एकचाकी सायकलही चालवीत.

चेंडूंच्या खेळाला १९८० नंतरच्या काळात अंकांची लिपी मिळाली. तबल्याच्या मात्रांसारख्या समान मात्रा मोजा. प्रत्येक मात्रेला एक चेंडू फेकायचा, डाव्या-उजव्या हाताने आळीपाळीने. फेकलेला चेंडू पुन्हा फेकण्याची पाळी किती मात्रांनी येणार, तो आकडा लिहायचा. हात रिकामा असेल तर शून्य. तीन चेंडूंचा नेहमीचा खेळ म्हणजे ३, ३, ३ असे सतत. ४, ४, १ हाही तीन चेंडूंचाच खेळ. आकड्यांची सरासरी काढा, ती चेंडूंच्या संख्येइतकी येते.

मग ४, ३, २ चालेल का? सरासरी तर ३ आहे. पण मात्रांना ०, १, २ असे क्रमांक देऊन बेरीज करा : ० + ४ = ४, १ + ३ = ४, २ + २ = ४. तिन्ही चेंडू चौथ्या मात्रेला एकाच हातात कोसळणार! हेच आकडे ४, २, ३ असे लिहिले तर बेरजा ४, ३, ५ येतात आणि चेंडू सुखरूप हाती लागतात. नियम एवढाच, की बेरजांना मात्रांच्या संख्येने भागल्यावर उरणाऱ्या बाक्या वेगवेगळ्या हव्यात.

अशा किती रचना शक्य आहेत? ग्रॅहम आणि त्यांच्या तिघा सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेले उत्तर फारच नेटके आहे. चेंडूंच्या संख्येत एक मिळवा आणि तिचा मात्रांच्या संख्येइतका घात करा. त्यातून मूळ संख्येचा तेवढाच घात वजा करा. दोन चेंडू आणि दोन मात्रा घेतल्या तर ३ चा वर्ग वजा २ चा वर्ग, म्हणजे ५. त्या पाच रचना अशा : २-२, ३-१, १-३, ४-० आणि ०-४. तीन चेंडू, तीन मात्रा असतील तर ६४ वजा २७, म्हणजे ३७. त्या सगळ्या शोधून काढायला एक दुपार पुरेल. सर्कशीतले कसबी कलावंत पिढ्यान् पिढ्या जे हातांनी करीत आले त्यातल्या काही रचना त्यांनाही ठाऊक नव्हत्या, त्या या लिपीने दाखवून दिल्या.

१९६३ साली बोल्डर येथे भरलेल्या एका परिषदेत ग्रॅहम यांची पॉल एर्डॉश यांच्याशी गाठ पडली. हंगेरीचे हे थोर गणितज्ञ तेव्हा पन्नाशीचे होते. टेबल टेनिसचा डाव मांडला गेला आणि पंचविशी ओलांडलेला, कसलेल्या अंगाचा हा तरुण चक्क हरला! ग्रॅहम यांनी परत जाऊन तो खेळ असा घोटवला की पुढे ते बेल प्रयोगशाळेचे विजेते झाले. मैत्री मात्र त्या हरण्यातून जमली ती ३३ वर्षे टिकली.

एर्डॉश यांना घर नव्हते, संसार नव्हता. एका सूटकेसनिशी ते देशोदेशींच्या गणितज्ञांकडे राहत आणि प्रश्न सोडवीत. त्यांचे पैसे, धनादेश, पत्रे, कर हे सारे ग्रॅहम सांभाळीत. आपल्या घरात त्यांनी एर्डॉश यांच्यासाठी एक खोलीच ठेवली होती. दोघांनी मिळून सुमारे तीस निबंध लिहिले. कठीण प्रश्नांना एर्डॉश रोख बक्षिसे लावीत. २० सप्टेंबर १९९६ रोजी वॉर्सा येथे एर्डॉश गेले, त्यानंतरही ती बक्षिसे देण्याची जबाबदारी ग्रॅहम यांनी पाळली. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या छंदांपेक्षा हे काम मोठे होते. दुसऱ्याच्या विसरभोळेपणाचा हिशेब तीन दशके न कुरकुरता ठेवणे सोपे नव्हे.

ग्रॅहम यांचे नाव शाळकरी मुलांपर्यंत पोचले ते मात्र एका अवाढव्य संख्येमुळे. अनेक मितींच्या घनाच्या कोपऱ्यांना जोडणाऱ्या सर्व रेषा दोन रंगांनी रंगवल्या तर एक विशिष्ट एकरंगी आकृती टाळता येईनाशी होण्यास किती मिती लागतील, असा प्रश्न होता. उत्तर निदान ६ आहे आणि एका प्रचंड संख्येपेक्षा जास्त नाही, एवढे ग्रॅहम यांना सांगता येत होते. मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात १९७७ साली ही संख्या वाचकांपुढे ठेवली. (याच सदरात दोन वर्षे आधी, १९७५ साली, देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्या संख्या जगापुढे आल्या होत्या.) १९८० साली गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकात, गणिती सिद्धतेत वापरलेली सर्वांत मोठी संख्या म्हणून तिची नोंद झाली.

ती किती मोठी? ३ चा ३ रा घात २७. ३ चा २७ वा घात ७६,२५,५९,७४,८४,९८७, म्हणजे सात लाख बासष्ट हजार कोटींहून अधिक. आता ३ वर ३, त्यावर ३, अशी घातांची उतरंड रचा आणि तिच्यात इतकी तिने ठेवा. येणारी संख्या लिहून काढायला विश्वातले सारे अणू शाई म्हणून वापरले तरी पुरणार नाहीत, आणि आपण अजून पहिल्या पायरीवरही पोचलेलो नाही! ग्रॅहम संख्येला अशा ६४ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला राईएवढी ठरवते.

एवढे असूनही तिचा शेवटचा अंक तुम्ही सांगू शकता. ती संख्या म्हणजे ३ चा कुठला तरी घात आहे. ३ च्या घातांचे शेवटचे अंक ३, ९, ७, १ असे चाराचाराने फिरतात. म्हणून घातांकाला ४ ने भागून बाकी काय उरते एवढेच हवे. तो घातांकही ३ चा विषम घात आहे. आणि ३ म्हणजे ४ वजा १ असल्यामुळे ३ च्या विषम घाताला ४ ने भागले की बाकी नेहमी ३ उरते. चक्रातला तिसरा अंक ७. म्हणून ग्रॅहम संख्या ७ ने संपते. मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र अजून नेमके मिळालेले नाही. खालची मर्यादा पुढे १३ वर गेली आहे आणि वरचीही ग्रॅहम यांच्या संख्येच्या पुष्कळ खाली आली आहे.

१९८३ साली ग्रॅहम यांचा फॅन चुंग यांच्याशी विवाह झाला. त्या तैवानमध्ये जन्मलेल्या, स्वतः नामांकित गणितज्ञ. ग्रॅहम चिनी शिकले. पत्त्यांच्या जादूत त्यांचे जोडीदार होते पर्सी डायकोनिस, लहानपणी घर सोडून जादूगाराबरोबर हिंडलेले आणि पुढे संख्याशास्त्राचे प्राध्यापक झालेले. पत्ते बरोबर मधोमध दुभागून एकाआड एक असे अचूक पिसले, आणि वरचा पत्ता वरच ठेवला, तर ५२ पत्ते आठ वेळा पिसल्यावर मूळ क्रमावर येतात. हात तेवढा बसलेला नसेल तर आठच पत्ते घ्या, तीन वेळांत काम होईल. या दोघांनी २०११ साली जादूच्या गणितावर एक पुस्तकही लिहिले.

१९८० नंतरच्या दशकात ग्रॅहम यांनी स्वतः एका प्रश्नाला शंभर डॉलरचे बक्षीस लावले होते. ३, ४, ५ किंवा ५, १२, १३ ही पायथागोरसची त्रिकुटे तुम्हांला पाठ आहेत. प्रत्येक नैसर्गिक संख्येला तांबडा किंवा निळा रंग द्यायचा, पण एकही त्रिकूट पूर्ण एकाच रंगाचे होता कामा नये. हे शेवटपर्यंत जमेल का? २०१६ साली तिघा संगणकशास्त्रज्ञांनी उत्तर काढले. ७८२४ पर्यंत जमते, ७८२५ ला अडते. या सिद्धतेने संगणकात २०० टेराबाइट जागा व्यापली. कोणा माणसाने ती वाचणे शक्यच नाही. ग्रॅहम तेव्हा ८० वर्षांचे होते. त्यांनी शंभर डॉलरचा धनादेश लिहून दिला.

दोनऐवजी तीन रंग वापरले तर कितव्या संख्येला अडेल, किंवा अडेल की नाही, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.